स्वर्गाचे नागरिक, शहराचे पाहुणे

उपासनावर्षाचा शेवटचा रविवार आपण ख्रिस्तराजाचा सण म्हणून साजरा करतो. हा सण फार प्राचीन नाही. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ रोजी ‘क्वास प्रिमास’ हे परिपत्रक प्रसिद्ध करून तो ख्रिस्तसभेला दिला. पहिले महायुद्ध संपून सात वर्षे झाली होती. इटलीत मुसोलिनीची सत्ता होती. राष्ट्र हेच दैवत आणि नेता हाच त्याचा पुरोहित, असे शिकवणारे नवे पंथ युरोपात डोके वर काढत होते. माणसाची अखेरची निष्ठा कोणाला, या त्या काळाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून हा सण आला. आरंभी तो ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी येत असे. १९६९ च्या सुधारणेने तो उपासनावर्षाच्या शेवटी नेला. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. जन्मतःच सार्वजनिक असलेला हा सण ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांत मात्र सर्वांत खाजगी सण होऊन बसला आहे.

सण सार्वजनिक आहे याचा अर्थ त्या दिवशी बँड लावावा, रस्ता अडवावा आणि मिरवणूक लांबवावी, असा नव्हे. ज्याला आपण राजा म्हणतो त्याच्या राज्याचा आपल्या गल्लीशी, नळाच्या पाण्याशी, शेजारच्या कारखान्याशी, मतदानयंत्राशी आणि घरखरेदीच्या कागदांशी संबंध आहे, असा त्याचा अर्थ आहे. हा संबंध आपण तोडून टाकला आहे. या पट्ट्यातील कॅथलिक कुटुंबे श्रद्धेने उणी आहेत, असा आमचा आरोप मुळीच नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री घरी परतणारी माणसे रविवारी मिस्साबलीला येतात, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात घरोघरी जपमाळ म्हणतात, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतात. या निष्ठेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आमचा आरोप वेगळा आहे. स्वर्गाचे नागरिकत्व ही शहराच्या नागरिकत्वातून मिळालेली सूट आहे, असे आपण मानू लागलो आहोत. ती सूट नाही. ती दुप्पट जबाबदारी आहे. एवढे एकच या लेखात सांगायचे आहे.

सूट मागणाऱ्यांचा आवडता आधार म्हणजे संत पौलाने फिलिप्पै येथील ख्रिस्ती बंधुभगिनींना लिहिलेले पत्र. आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, असे पौल त्यात लिहितो. तेवढे लक्षात ठेवून आपण पुस्तक मिटतो. पण हे पत्र कोणत्या नगराला लिहिले होते? फिलिप्पै ही मासेदोनियातील रोमची वसाहत होती. निवृत्त रोमी सैनिकांना तेथे जमिनी देऊन वसवले होते. रोमपासून शेकडो कोस दूर राहणारे ते लोक रोमचे नागरिक होते. परंतु रोमला परत जाण्याची वाट पाहत बसणे हे त्यांचे काम नव्हते. रोमचा कायदा, रोमची रीत आणि रोमची शिस्त त्या दूरच्या नगरात रुजवणे, यासाठी ते तेथे होते. पौलाने वापरलेला मूळ ग्रीक शब्द ‘पोलितेउमा’ हा नगरवाचक शब्दापासून झालेला आहे, आणि ‘पॉलिटिक्स’ या शब्दाचे मूळही तेच आहे. वसाहतीत राहणाऱ्यांना वसाहतीची उपमा देऊन पौल सांगत होता की तुम्ही स्वर्गाची वसाहत आहात. डोंबिवलीसारख्या शहरात, जेथे निम्मा पत्ता ‘वसाहत’ या शब्दाने सुरू होतो, तेथे तरी हा अर्थ कळण्यास कठीण जाऊ नये. स्वर्गात पळून जाण्यासाठी आपल्याला हे नागरिकत्व दिलेले नाही. स्वर्गाची रीत येथे आणण्यासाठी दिलेले आहे.

याच फिलिप्पै नगरात पौल स्वतः कसा वागला, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आले आहे. त्याला व सीलाला चौकशीवाचून भर चौकात छड्या मारून तुरुंगात टाकण्यात आले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की यांना गुपचूप सोडून द्या. पौल गुपचूप गेला नाही. आम्ही रोमी नागरिक असताना आम्हाला चौकशीविना जाहीर मारहाण झाली आहे, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. आणि अधिकाऱ्यांना यावे लागले. पुढे न्याय मिळत नाही असे दिसल्यावर त्याने थेट सम्राटाकडे दाद मागितली. स्वर्गाच्या नागरिकत्वाविषयी ज्याने लिहिले, त्यानेच पृथ्वीवरील नागरिकत्वाचा हक्क असा ठामपणे बजावला. ज्या माणसाचे वचन आपण घरी बसण्यासाठी वापरतो, तो माणूस घरी बसणारा नव्हता.

दुसरा आधार पिलाताच्या दरबारातील संवादाचा. आपले राज्य या जगाचे नाही, असे प्रभूने पिलाताला सांगितले, हे खरे आहे. परंतु लगेच त्याने कारणही सांगितले: ते या जगाचे असते तर त्याचे सेवक त्याच्यासाठी लढले असते. म्हणजे या राज्याचा उगम वेगळा आणि त्याची साधने वेगळी, एवढेच तो सांगत होता. ते राज्य या जगासाठी नाही, असे तो म्हणाला नाही. त्याने तलवार नाकारली. नगर नाकारले नाही. यरुशलेमकडे पाहून तो रडला. ज्या गावाशी आपला संबंध नाही त्या गावासाठी कोणी रडत नाही. आणि त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोज काय मागतो, याचाही विचार व्हावा. आम्हाला लवकर येथून वर ने, असे मागत नाही. पित्याचे राज्य यावे, त्याची इच्छा स्वर्गात जशी पूर्ण होते तशी पृथ्वीवरही व्हावी, असे मागतो. ही प्रार्थना करणारा माणूस शहराच्या कारभाराविषयी ‘मला काय त्याचे’ असे म्हणत असेल, तर तो सकाळी मागितलेले संध्याकाळी परत करीत असतो.

आता आपल्याकडे वळू. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या संत जॉन बाप्तिस्ता चर्चची परंपरा जुनी आहे. परंतु आज या पट्ट्यात राहणाऱ्या कॅथलिकांपैकी पुष्कळ जण बाहेरून आलेले आहेत. मूळचे ईस्ट इंडियन, वसईकडचे, गोव्याचे, सावंतवाडीचे, मंगळूरचे, तमिळनाडूचे; केरळहून आलेल्यांची संख्या तर एवढी की सिरो-मलबार विधीसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. यांतील प्रत्येकाला एक ‘गाव’ आहे. मतदानाला सुट्टी जोडून आली की गावी जायचे, निवृत्तीनंतर गावी घर बांधायचे, मेल्यावरसुद्धा शक्य तर गावीच नेले जायचे. अशा रीतीने आपली दोन खरी घरे झाली: एक वर, एक गावी. मधल्या जागेत, जेथे आपण तीस-चाळीस वर्षे श्वास घेतो, मुले वाढवतो, म्हातारे होतो, तेथे मात्र आपण कोणीच नाही. स्वर्गाच्या दृष्टीने यात्रेकरू आणि शहराच्या दृष्टीने पाहुणे. यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनमध्ये नेलेल्या निर्वासितांना जे पत्र पाठवले ते अशाच लोकांसाठी होते. तेथे घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्या नगराच्या कल्याणासाठी झटा व प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय आहे. ते नगर तर शत्रूचे होते. आपले शहर कोणा शत्रूचे नाही. ते फक्त दुर्लक्षित आहे.

दुर्लक्षाची किंमत काय, हे पाहायचे असेल तर धर्मग्रामाची दिनदर्शिका आणि शहराची दिनदर्शिका एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावून पाहा. २०२४ साली १९ मे हा पेंटेकॉस्टचा, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा रविवार होता. बंद खोलीत भीतीने बसलेल्या शिष्यांना आत्म्याने रस्त्यावर आणले आणि नाना भाषा बोलणाऱ्यांच्या गर्दीसमोर उभे केले, हे वाचन आपण त्या दिवशी ऐकले. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ख्रिस्तसभा पवित्र मरियेला ख्रिस्तसभेची माता म्हणून स्मरते. त्याच सोमवारी ठाणे आणि कल्याण मतदारसंघांत लोकसभेसाठी मतदान होते, आणि कल्याणमध्ये जेमतेम निम्मे मतदार घराबाहेर पडले. त्याच आठवड्यात गुरुवारी, २३ मे रोजी, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला. दहाहून अधिक माणसे गेली. काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचणीचा आधार घ्यावा लागला. पुढचा रविवार, २६ मे, पवित्र त्रैक्याचा होता. त्याच तारखेला आठ वर्षांपूर्वी, २६ मे २०१६ रोजी, त्याच वसाहतीतील दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन बारा जण मृत्युमुखी पडले होते. पहिल्या स्फोटानंतर चौकशी समिती नेमली गेली. धोकादायक कारखाने हलवण्याची घोषणा दुसऱ्या स्फोटापूर्वीही झाली होती आणि नंतरही झाली. या दोन स्फोटांच्या आधी आणि त्यांच्या मधल्या आठ वर्षांतही शहराच्या अंगावर काय काय पडत होते, हे लोकांनी पाहिले होतेच: २०१४ च्या जानेवारीत पडलेला हिरवा पाऊस, २०२० च्या फेब्रुवारीत गुलाबी झालेला रस्ता. आठ वर्षांत सुमारे चारशे रविवार येतात. या चारशे रविवारांच्या विश्वासूंच्या प्रार्थनांत त्या कारखान्यांचा आणि त्यांतील कामगारांचा उल्लेख किती वेळा झाला, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःलाच विचारावे.

आणखी मागे जा. २०१९ साली २८ एप्रिल हा दैवी दयेचा रविवार होता. दुसऱ्याच दिवशी मतदान होते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती. कल्याण मतदारसंघात निम्म्या मतदारांनीही मतदान केले नाही. २०१३ साली ३१ मार्चला आपण प्रभूचे पुनरुत्थान साजरे केले. त्याच आठवड्यातील गुरुवारी, ४ एप्रिलला, ठाणे महापालिकेच्या हद्दीत शीळ येथे बांधकाम चालू असलेली एक बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गाडली गेली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती. कबर रिकामी झाल्याची घोषणा करणाऱ्या आठवड्यात एक नवी कबर तयार झाली, आणि ती काही भूकंपाने झालेली नव्हती. पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. आणि २०२५ मध्ये पेंटेकॉस्टच्या दुसऱ्या दिवशी, ९ जूनला, मुंब्र्याजवळच्या वळणावर खच्चून भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली फेकले गेले. चार जण त्याच दिवशी गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला पोहोचली, त्या ठाण्याच्या पुढच्या मार्गावर पावणेदोनशे वर्षांच्या उंबरठ्यावर माणसे अशी मरतात.

योगायोगांना आम्ही दैवी संकेत मानत नाही. या तारखा शेजारी ठेवण्याचा हेतू इतकाच की, शहराला वेगळे दिवस नसतात. ज्या आठवड्यात आपण सण करतो त्याच आठवड्यात ते जगते आणि मरते. आपले राज्य एका दिनदर्शिकेवर आणि आपले शहर दुसऱ्या दिनदर्शिकेवर, ही सोय आपण केलेली आहे. प्रभूने केलेली नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते आम्हाला ठाऊक आहेत, आणि त्यांना उत्तर देणे आम्ही टाळणार नाही.

पहिला आक्षेप: आपण मूठभर, आपल्या मताने काय होणार? प्रभूने आपल्या राज्याला बहुमताची उपमा कधीच दिली नाही. मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, अन्नातले मीठ, अशा उपमा दिल्या. मीठ थोडेच असते. ते थोडे असल्याबद्दल कोणी त्याला दोष देत नाही. ते बरणीत राहिले तर दोष देतात.

दुसरा आक्षेप: राजकारण घाण आहे, धर्मगुरूंनी आणि भाविकांनी त्यात का पडावे? येथे दोन गोष्टींची गल्लत आहे. धर्मगुरूंनी व्यासपीठावरून अमुक पक्षाला मत द्या असे सांगू नये, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु प्रापंचिकांचे तसे नाही. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजात प्रापंचिकांची पाचारणाच अशी सांगितली आहे की, त्यांनी ऐहिक व्यवहारांत राहून, त्या व्यवहारांना देवाच्या इच्छेप्रमाणे वळण देऊन देवाचे राज्य शोधावे. पुढच्याच वर्षी ‘गौदियुम एत स्पेस’मध्ये महासभेने श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांतील फारकतीची गणना आपल्या काळाच्या गंभीर चुकांमध्ये केली, आणि परलोकाच्या नावाखाली इहलोकीची कर्तव्ये टाळणाऱ्यांना स्पष्ट शब्दांत बजावले. तेव्हा प्रापंचिक माणूस शहराच्या कारभारात लक्ष घालतो तेव्हा तो देवळातून बाहेर पडत नाही. तो आपल्या वेदीवर उभा राहतो. राहिली घाणीची गोष्ट. नाल्याला वास येतो म्हणून जो खिडकी लावून घेतो त्याच्यामुळे नाला स्वच्छ होत नाही. फक्त खोलीत हवा कोंडते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो हळू आवाजात सांगितला जातो: दिवस बरे नाहीत; अल्पसंख्याकांनी नजरेत न येणे बरे. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. येशूसंघी फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांची येथे अटक झाली. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेले आणि कंपवाताने थरथरणारे ते संन्यासी आपल्या डोंबिवलीहून फार दूर नसलेल्या तळोजा कारागृहात होते. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून अर्ज करावा लागला, ही गोष्ट जगभर पोहोचली. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्यापूर्वीच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. भीतीला कारण आहे. परंतु भीतीवर उपाय म्हणून अदृश्य होणे निवडले तर काय होते? आज ज्याला आपले काही चालत नाही असे वाटते, त्याला उद्या आपले काही आहे असेही वाटेनासे होते. आणि जो शेजाऱ्याच्या पाण्यासाठी कधी उभा राहिला नाही, त्याच्या कबरस्तानासाठी शेजारी का उभा राहील? अल्पसंख्याकांची खरी ढाल म्हणजे शेजाऱ्यांची साक्ष. ही साक्ष संकटाच्या दिवशी मागून मिळत नाही. ती आधी वीस वर्षे कमवावी लागते.

ती कशी कमवावी याचे उदाहरण आपल्याला दूर शोधावे लागत नाही. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत वसई आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तेथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून जमीन गिळणाऱ्यांच्या आणि पाणी उपसणाऱ्यांच्या विरुद्ध लोकांना उभे केले. ते लोक केवळ कॅथलिक नव्हते; विहीर आटते तेव्हा ती धर्म विचारून आटत नाही. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन करणारा हा धर्मगुरू २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, आणि २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले तेव्हा त्याच्यासाठी सर्व महाराष्ट्र हळहळला. मराठी समाजाने त्यांना आपले मानले, कारण त्यांनी आधी या मातीला आपली मानले होते.

चौथा आक्षेप असा: आपण शाळा चालवतो, दवाखाने चालवतो, नाताळला गरिबांना धान्य वाटतो, आणखी काय करायचे? हे सारे मोलाचे आहे. पण दान आणि न्याय या एकाच गोष्टी नव्हेत. स्फोटात जखमी झालेल्याला रक्त देणे हे दान. पुढचा स्फोट होऊ नये म्हणून कारखान्याच्या तपासणीचा अहवाल मागणे हा न्याय. दानाने टाळ्या मिळतात आणि न्यायाने शत्रू मिळतात. म्हणून आपण पहिल्यावर थांबतो. कल्याण-डोंबिवली महापालिकेत नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षे लोकनियुक्त सभागृह नव्हते. ठाण्यात मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ नव्हते. दोन शहरांचा कारभार प्रशासकांच्या सहीने चालला. त्या साऱ्या काळात आपल्या किती संघटनांनी याविषयी एक ठराव तरी केला? महापालिकेच्या पायऱ्या आपला समाज चढतो तो बहुधा दफनभूमीसाठी. देवाच्या राज्याच्या नागरिकांनी शहराकडे केवळ मेल्यानंतरची जागा मागावी, यापरते दैन्य ते कोणते?

येथे आणखी एक कटू गोष्ट बोलली पाहिजे. शहर बिघडते ते फक्त पुढाऱ्यांमुळे नव्हे, ग्राहकांमुळेही बिघडते. २०२४ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतील ६५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. महापालिकेच्या परवानग्यांचे बनावट कागद करून त्या रेरा प्राधिकरणाकडे नोंदवल्या होत्या. तेथे आयुष्याची पुंजी घालून घर घेणारे शेकडो लोक सरळ फसले. त्यांचे दुःख मोठे आहे आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु या शहरांत असेही व्यवहार रोज होतात ज्यांत घेणाऱ्याला सारे ठाऊक असते: अर्धी रक्कम रोख, वापर परवाना ‘येईल’, वरचा मजला ‘नंतर नियमित होईल’. असे घर घेऊन आपण धर्मगुरूंना बोलावतो, घर आशीर्वादित करून घेतो आणि दारावर पवित्र हृदयाची तसबीर लावतो. पाप निवेदन करताना रागावलो, खोटे बोललो, उपवास चुकवला, हे सांगितले जाते. लाच दिली, खोट्या किमतीच्या कागदावर सही केली, मतदानाच्या दिवशी सहलीला गेलो, हे कधी सांगितले जाते काय? शीळची इमारत पैशाने उभी राहिली. त्या पैशाच्या साखळीची लहान-मोठी कडी होऊन कोणी ख्रिस्तराजाचा प्रजाजन म्हणवून घेऊ शकत नाही.

आणि आता उलट बाजूची चूक. काहींना वाटते, उपाय सोपा आहे: आपला उमेदवार उभा करा, सारी ‘ख्रिश्चन मते’ एकगठ्ठा द्या, बदल्यात समाजासाठी सभागृह, रस्ता, कमान मागून घ्या. आम्ही याही मार्गाचे विरोधक आहोत. देवाचे राज्य म्हणजे कॅथलिकांचे संस्थान नव्हे. भाकरी मिळाल्यावर लोक आपल्याला बळेच राजा करू पाहतात हे ओळखून प्रभू एकटाच डोंगरावर निघून गेला, असे संत योहान सांगतो. आपल्या जातभाईसाठी मागणे ही सौदेबाजी झाली. शेजाऱ्यासाठी मागणे हे नागरिकत्व. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाची मतदारयादी तपासली नव्हती.

या मातीत हे नागरिकत्व फार जुने आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी रक्तसाक्षी झाले: तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिअस. पुढे पोर्देनोनेचा ओदोरिक हा प्रवासी संन्यासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनला गेला, आणि त्याच्या वृत्तांतामुळे ही कथा आपल्यापर्यंत आली. ती ऐकताना एक तपशील आपण नेहमी सोडून देतो. हे संन्यासी एका नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरी उतरले होते. त्या घरातील पतीने पत्नीला मारहाण केली. ती स्त्री काझीकडे दाद मागायला गेली आणि तिने साक्षीदार म्हणून या संन्याशांची नावे सांगितली. त्या साक्षीसाठी त्यांना बोलावले गेले, आणि पुढे श्रद्धेविषयी वाद होऊन त्यांचा प्राण गेला. ही कथा कोणत्याही धर्माविरुद्ध वापरायची नाही. तसे करणाऱ्याला ती कळलीच नाही. तिचा बोध वेगळा आहे. ठाण्याचे पहिले रक्तसाक्षी नगराच्या न्यायासनापुढे गेले ते एका मार खाल्लेल्या स्त्रीने नाव घेतले म्हणून. आज आपल्या शहरात अन्याय झालेले कोणी साक्षीदार म्हणून आपले नाव घेईल काय? घेण्याइतके ते आपल्याला ओळखते काय?

आमच्या सूचना मोठ्या नाहीत. नाव नोंदवण्याचा नमुना ६ आणि पत्ता बदलण्याचा नमुना ८ भरून देण्यासाठी प्रत्येक धर्मग्रामात वर्षातून दोन रविवार मेज मांडावे, आणि ते शेजारच्या सर्वांसाठी खुले असावे. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने वर्षाला एक नागरी प्रश्न हाती घ्यावा: एक नाला, एक शाळा, एक धोकादायक इमारत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि अर्जाला दहा रुपये लागतात. नोव्हेनाच्या मेणबत्त्यांना याहून अधिक लागतात. विश्वासूंच्या प्रार्थनेत शहराचे दुःख नावानिशी यावे. तरुणांच्या धर्मशिक्षणात संविधानाला जागा मिळावी. आणि प्रायश्चित्तकाळात पाप निवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणात घर, कर, लाच आणि मत यांविषयीचे चार प्रश्न घालावेत. यांतील एकाही गोष्टीला बिशपांची विशेष परवानगी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. लागते ती एवढीच कबुली, की आपण येथे राहतो.

अखेरच्या न्यायाच्या दिवशी राजा काय विचारणार, हे संत मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात आधीच सांगून ठेवले आहे. भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान: यांच्यासाठी काय केलेस? हे प्रश्न एखाद्या आकाशातल्या देशाचे नाहीत. तहान म्हणजे २७ गावांतला कोरडा नळ आहे, परका म्हणजे कारखान्यात काल रुजू झालेला बिहारी मजूर आहे, बंदिवान म्हणजे तळोजाच्या भिंतीआडचा कच्चा कैदी आहे. स्वर्गाच्या प्रवेशद्वारावर जो परवाना तपासला जाणार आहे, तो ठाण्यात, कल्याणात आणि डोंबिवलीतच भरून घ्यावा लागतो.